घोड्यावर मांड कशी बसते?

धाकट्या भावंडाला झोपाळ्यावर बसवून झोका देताना तुम्ही कधी घड्याळ लावले आहे काय? झोपाळा आपल्याकडे येतो, टोकाशी क्षणभर थबकतो आणि परत फिरला की आपण हात लावतो. जोर थोडाच लागतो, पण झोका चढत जातो. तेवढाच जोर झोपाळा अंगावर येत असताना लावला, तर झोका मंदावतो आणि आपले मनगटही दुखावते. दोलकाचे सूत्र तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. झोका देणे मात्र तुम्हाला पाचव्या-सहाव्या वर्षापासून येते.

माझ्या बाबतीत नेमके उलटे झाले. सूत्र येत होते, झोका देता येत नव्हता. आणि झोपाळ्याच्या जागी चांदणी नावाची एक जिवंत घोडी होती.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या मुलीला घोडेस्वारी शिकायची होती. दर रविवारी सकाळी तिला पागेवर पोचवायचे आणि झाडाखाली बसून पेपर तपासायचे, असे काही महिने केल्यावर मीही शिकायचे ठरवले. तेव्हा माझे वय त्रेचाळीस होते. शिकवणारे उस्ताद घोडदळातून निवृत्त झालेले होते. मी माझ्या सवयीप्रमाणे रीतसर तयारी केली. स्वारीवरची दोन पुस्तके वाचली, वहीत घोड्याची आकृती काढली, बलांचे बाण दाखवले आणि समीकरणे मांडली. मग चांदणीवर बसलो. ती दुडक्या चालीने निघाली आणि पहिल्या दहा पावलांतच मी माझ्या समीकरणांसह खोगिरावर आपटू लागलो.

पुस्तकात कळलेली गोष्ट अंगात कशी उतरते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. पोहणे, सायकल, तबला, क्रिकेट, काहीही शिकताना तो तुम्हालाही पडला असेल. घोड्याच्या निमित्ताने आपण त्याचे उत्तर शोधू या.

ड्रेसाज म्हणजे काय?

घोडेस्वारीच्या स्पर्धांत एक प्रकार असा आहे की त्यात शर्यत नसते आणि अडथळ्यावरून उडीही नसते. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा मोकळ्या, सपाट रिंगणात स्वार आणि घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतात. वर्तुळे काढायची, एका चालीतून दुसऱ्या चालीत जायचे, तिरके चालायचे, एका जागी स्तब्ध उभे राहायचे. परीक्षक प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात. स्वार काही करतो आहे असे दिसू नये, घोडा आपण होऊन नाचतो आहे असे वाटावे, यात खरी कसोटी असते. या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ तालीम किंवा शिकवण असा आहे.

ही विद्या जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर लिहिलेले पुस्तक आजही उपलब्ध आहे. घोड्याला धाक दाखवून नव्हे, तर समजावून शिकवावे, असा त्याचा आग्रह होता. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे स्पॅनिश रायडिंग स्कूल नावाची संस्था आहे. तिचा पहिला उल्लेख १५६५ सालचा आहे, आणि तिचे प्रसिद्ध सभागृह १७३५ मध्ये पुरे झाले. तेथे ही विद्या उस्तादाकडून शिष्याकडे तोंडी परंपरेने चालत आली आहे. आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांसारखीच म्हणा ना! २०१५ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा समावेश आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ पासून आहे. आपल्यालाही हा खेळ आता परका राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांच्या भारतीय संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्यांतील हृदय छेडा मुंबईचा. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे पहिले आशियाई सुवर्ण होते.

ड्रेसाजच्या पुस्तकात स्वारासाठी पहिला धडा मांडीचा असतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत ठेवा. पाठ ताठ पण शरीर सैल ठेवा. खोगिरापासून सुटू नका. वाचायला सोपे आहे. मग मी का आपटत होतो?

उसळीचे गणित

घोड्याच्या नेहमीच्या चाली तीन. संथ चालीत चारही पाय एकेक करून पडतात, म्हणून टापांचे चार ठोके ऐकू येतात. कँटर या चालीत तीन ठोके असतात. दुडकीत मात्र कोपऱ्याकोपऱ्याचे दोन पाय, म्हणजे डावा मागचा आणि उजवा पुढचा, एकदम पडतात. मग दुसरी जोडी पडते. दोन ठोक्यांच्या मधे घोडा क्षणभर पूर्ण हवेत असतो. त्यामुळे त्याची पाठ प्रत्येक ठोक्याला खाली-वर होते.

आता एक साधा प्रयोग करा. एका जाड पुस्तकावर रुपयाचे नाणे ठेवा आणि पुस्तक आडवे धरून हळूहळू खाली-वर हलवा. नाणे पुस्तकाबरोबर हलते. वेग वाढवत जा. एका मर्यादेनंतर नाणे खडखडू लागते, पुस्तकापासून सुटते आणि पुन्हा आदळते. असे का? पुस्तक वर जाताना नाण्याला ढकलून नेते. पण खाली येताना पुस्तक नाण्याला ओढून आणू शकत नाही. नाण्याला खाली आणणारे बल एकच, गुरुत्वाकर्षणाचे. नाणे फार तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने खाली येईल. पुस्तक त्याहून जास्त त्वरणाने खाली गेले की नाणे मागे राहते.

आता पुस्तकाच्या जागी घोड्याची पाठ आणि नाण्याच्या जागी प्राध्यापक ठेवा. दुडकीत घोडा मिनिटाला सुमारे ८० पूर्ण पावले टाकतो. एका पावलात दोन उसळ्या, म्हणजे मिनिटाला १६० उसळ्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २.६७. पाठ एकूण १० सेंटिमीटर खाली-वर होते असे समजू. मध्यापासून मोजले तर आयाम ५ सेंटिमीटर, म्हणजे ०.०५ मीटर. अशा सरल आवर्त गतीत सर्वांत मोठे त्वरण काढण्याचे सूत्र असे:

त्वरण = ४ × पाय चा वर्ग × वारंवारतेचा वर्ग × आयाम

४ × पाय चा वर्ग म्हणजे सुमारे ३९.५, २.६७ चा वर्ग सुमारे ७.१.

त्वरण = ३९.५ × ७.१ × ०.०५ = सुमारे १४ मीटर प्रति सेकंद वर्ग

हे ९.८ पेक्षा चांगलेच मोठे आहे. म्हणजे लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठ बसलेला स्वार प्रत्येक उसळीला खोगिरापासून सुटणारच. तो सुटतो तेव्हा पाठ खाली गेलेली असते. तो खाली येतो तोवर ती पुन्हा वर येऊ लागलेली असते. दोघांची टक्कर होते. हे सेकंदाला अडीच वेळा!

सुटू नये म्हणून नवखा स्वार पायांनी घोडा घट्ट आवळतो. त्याने शरीर आणखी ताठ होते, आणि ओंडका अधिकच ओंडका बनतो. मीही तेच करीत होतो.

मग कसलेला स्वार काय करतो? त्याची कंबर खोगिराबरोबर पूर्ण १० सेंटिमीटर हलते. पण कमरेचे सांधे आणि पाठीचा खालचा भाग प्रत्येक उसळीला थोडा दुमडतो आणि उलगडतो. त्यामुळे त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य तेवढा हलत नाही. समजा, १० पैकी ३ सेंटिमीटर या दुमडण्यात जिरले. मग गुरुत्वमध्याचा आयाम उरला ३.५ सेंटिमीटर.

त्वरण = ३९.५ × ७.१ × ०.०३५ = सुमारे ९.८

बरोबर सीमेवर! अवघ्या तीन सेंटिमीटरांच्या लवचिकपणात आपटणे थांबते. ‘मांड ठोकणे’ या शब्दप्रयोगाने आपल्याला वाटते की मांड म्हणजे खिळ्यासारखी ठोकून बसवलेली वस्तू. प्रत्यक्षात पक्की मांड ही स्प्रिंगसारखी असते.

हे गणित मी दुसऱ्याच आठवड्यात वहीत सोडवले आणि मोठ्या उत्साहाने उस्तादांना दाखवले. त्यांनी वही नीट पाहिली आणि म्हणाले, “हिशेब बरोबर असेल, सर. पण तो तुमच्या कमरेला कुठं ठाऊक आहे?”

चांदणीने तपासलेला पेपर

पुढचे काही रविवार मी जिद्दीने दुडकी करीत राहिलो. आपटत होतो, पण पडत नव्हतो, म्हणून प्रगती होते आहे असे मला वाटत होते. एका सकाळी खोगीर उतरवल्यावर उस्तादांनी मला जवळ बोलावले. चांदणीच्या पाठीवर, जेथे माझे वजन येई त्या जागी, त्यांनी तळहात हलकाच दाबला. तिने पाठ एकदम खाली चोरली आणि कान मागे पाडले. दुसऱ्या बाजूला दाबले, तेथेही तसेच.

“हा तुमचा पेपर, सर,” ते म्हणाले. “तिनं तपासून ठेवलाय.”

मला फार लाज वाटली. जे गणित मी वहीत टक्कर म्हणून मांडले होते, त्या टकरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे याचा मी विचारच केला नव्हता. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना मी दर वर्षी म्हणतो, क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात. मला जेवढे लागत होते, तेवढेच तिला लागत होते. खोगिरापासून न सुटणारा स्वारसुद्धा दुडकीत प्रत्येक ठोक्याला घोड्याच्या पाठीवर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट भार टाकतो. आपटणाऱ्या स्वाराचा भार याहून अधिक आणि धक्क्याने येतो. बोलता न येणाऱ्या जनावराच्या पाठीवर आपण शिकत असतो, ही गोष्ट स्वारीच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापली पाहिजे.

चांदणीला पूर्ण विश्रांती मिळाली. उस्तादांनी मला एका जुन्या, शांत घोड्यावर बसवले, रिकिबी काढून घेतल्या आणि लगामही काढून घेतला. घोडा लांब दोरीवर त्यांच्याभोवती गोल फिरे आणि मी हात कमरेवर ठेवून नुसता बसे. व्हिएन्नाच्या त्या संस्थेतही नव्या शिकाऊ स्वाराला आधी दीर्घकाळ असेच दोरीवरच्या घोड्यावर, रिकीब आणि लगाम यांच्याशिवाय बसावे लागते. त्याचे कारण आता मला उमगले. हातात लगाम असला की नवखा माणूस तोल सावरायला तोच धरतो, म्हणजे घोड्याच्या तोंडाला लटकतो. पायांत रिकीब असली की तो तिच्यावर जोर देऊन ताठ उभा राहू पाहतो. दोन्ही काढून घेतल्यावर शिकायला एकच जागा उरते, कंबर.

उस्तादांनी आणखी एक युक्ती केली. घोडा त्यांनी अगदी संथ दुडकीवर ठेवला. उसळ्या मिनिटाला १६० ऐवजी १४० च्या आसपास आल्या. सूत्रात वारंवारतेचा वर्ग आहे, हे आठवा. १४० उसळ्यांना आयाम तोच ठेवला तरी त्वरण १४ वरून ११ च्या खाली उतरते. म्हणजे ताठ माणूससुद्धा जेमतेमच सुटतो, आणि जिरवायचे अंतर एक सेंटिमीटरहून कमी उरते. ते माझ्या कमरेला पहिल्याच दिवशी जमले! पुढच्या आठवड्यांत उस्ताद वेग थोडा थोडा वाढवत गेले. सूत्र त्यांनी कधी पाहिले नव्हते; पण अवघड काम शिष्याच्या आवाक्यात येईल एवढे लहान करायचे आणि मग मोठे करत न्यायचे, हे त्यांना ठाऊक होते.

तरफेचे गणित

मांड जरा बसल्यावर पुस्तकातला दुसरा धडा आला. घोड्याचे वजन दोन्हीकडे सारखे नसते. मान आणि डोके पुढे असल्यामुळे उभ्या घोड्याच्या पुढच्या पायांवर सुमारे ६० टक्के आणि मागच्या पायांवर सुमारे ४० टक्के भार येतो. पण जोर तर मागच्या पायांत असतो. म्हणून ड्रेसाजमध्ये घोड्याला थोडा भार मागे घ्यायला शिकवतात. तसे केल्याने तो पुढून हलका होतो, सहज वळतो आणि डौलदार चालतो.

मला वाटले, हे सोपे आहे. मी मागे रेललो की भार मागे जाईल. तुम्ही तरफ शिकला आहात, तेव्हा हिशेब करून पाहू.

घोडा ५०० किलोग्रॅमचा, स्वार ६० किलोग्रॅमचा, एकूण ५६०. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर १.३ मीटर धरू. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून ०.५२ मीटर मागे आहे असे समजू. पुढचे पाय हा टेकू मानला, तर

मागच्या पायांवरचा भार = ५६० × ०.५२ ÷ १.३ = २२४ किलोग्रॅम

उरलेले ३३६ किलोग्रॅम पुढे. प्रमाण बरोबर ४० आणि ६० टक्के आले.

आता स्वार मागे रेलला आणि त्याचा गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर मागे गेला. मागच्या पायांवर वाढलेला भार = ६० × ०.१ ÷ १.३ = सुमारे ४.६ किलोग्रॅम. ५६० किलोग्रॅमांत साडेचार किलोग्रॅमांनी काय होणार? एक टक्काही नाही! शिवाय मागे रेलल्याने कान-खांदा-कंबर-टाच ही रेषा मोडली, आणि मी पुन्हा आपटू लागलो तो भाग वेगळाच.

पण दुसरी शक्यता पाहा. स्वार जागचा हलला नाही, आणि घोड्यानेच मागचे पाय पोटाखाली १५ सेंटिमीटर पुढे आणले. आता अंतर १.३ ऐवजी १.१५ मीटर झाले.

मागच्या पायांवरचा भार = ५६० × ०.५२ ÷ १.१५ = सुमारे २५३ किलोग्रॅम

वाढ झाली २९ किलोग्रॅमांची, म्हणजे रेलण्याच्या सहापट! चालत्या घोड्याचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, कारण प्रत्येक पाय जमिनीला कमी-अधिक काळ आणि कमी-अधिक जोराने रेटत असतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. घोड्याचा तोल स्वार आपल्या वजनाने ढकलून बदलू शकत नाही. तो घोड्यानेच बदलायचा असतो. स्वार फक्त विनंती करतो.

ही विनंती ऐकू येण्याइतका घोडा संवेदनशील असतो. पाठीवर माशी बसली, तर तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो. माशीचे वजन ज्याला कळते, त्याला आपल्या कमरेची हालचाल का कळणार नाही? स्वार एक कंबर किंचित सैल सोडतो, पोटरीने हलका स्पर्श करतो, श्वास सोडतो. शिकलेल्या घोड्याला एवढे पुरते.

जर्मन पद्धतीत घोड्याच्या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगतात: ताल, सैलपणा, लगामाशी हलका संपर्क, जोम, सरळपणा आणि शेवटी एकवटणे, म्हणजेच मागे भार घेणे. मी ज्याचे समीकरण पहिल्याच दिवशी मांडले होते, ती शेवटची पायरी होती. पहिली पायरी ताल.

वेळेचे गणित

विनंती करायची, पण केव्हा? जमिनीवर टेकलेल्या पायावर घोड्याचा भार असतो. तो पाय त्या क्षणी पुढे टाकता येत नाही. पाय उचलला जात असतानाच तो थोडा अधिक पुढे टाक असे सुचवता येते. झोपाळ्यासारखेच हे. योग्य क्षणी बोट लावले तरी पुरते. चुकीच्या क्षणी सारा जोर फुकट जातो.

हा क्षण किती मोठा असतो? संथ चालीत एका पूर्ण पावलाला साधारण १.१ सेकंद लागतो. त्यात मागचा एक पाय सुमारे ०.४ सेकंद हवेत असतो. आणि काही जाणवल्यापासून त्यावर हालचाल करायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. म्हणजे पाय उचलल्याचे कळल्यावर ठरवू लागलो, तर अर्धी वेळ संपलेली असते. दुडकीत तर ते मुळीच जमत नाही.

घोड्याचे पाय डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात काय, यावर जाणकारही वाद घालीत. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले की असतात. पण चित्रकार काढीत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा केलेले असताना. शिवाय स्वार तर वर बसलेला! मागचे पाय त्याला दिसणारच नाहीत.

डोळ्यांना जे दिसत नाही, ते कमरेला कळते. संथ चालीत डावा मागचा पाय उचलून पुढे जाऊ लागला की घोड्याच्या पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते आणि पोट उजवीकडे झुलते. स्वाराची डावी कंबर त्याबरोबर खाली उतरते. उस्तादांनी मला डोळे मिटायला लावले आणि सांगितले, “डावा मागचा उचलला की ‘डावा’ म्हणा.” मी म्हणे, आणि ते “उशीर” किंवा “बरोबर” एवढेच सांगत. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वेळी “उशीर” हाच शब्द ऐकला. मी पाय जाणवण्याची वाट पाहत होतो.

तबलजी सम कशी गाठतो? सम आल्यावर तो हात उचलत नाही. ठेका त्याच्या अंगात चालू असतो, त्यामुळे सम कोठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. मीही मग पाय शोधणे सोडून मनात ठेका धरला: एक, दोन, तीन, चार. चारपाच रविवारांनी “उशीर” कमी होऊ लागले. पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचे, तर माझी कंबर हे एक मापनयंत्र होते, आणि उस्ताद ते प्रमाणित करून देत होते. तापमापी नवी असते तेव्हा आपण ती बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून तिच्यावर खुणा करतो. तसेच हे. प्रत्येक अंदाजानंतर लगेच खरे उत्तर मिळाले, तरच यंत्र सुधारते.

पायांविना स्वारी

हे सारे कमरेने आणि वेळेने साधते, याचा पुरावा पाहायचा असेल, तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याकडे पाहावे. १९४४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. स्वारीत टाच आणि पोटरी ही घोड्याशी बोलण्याची मुख्य साधने मानतात. त्यांच्याजवळ तीच उरली नाहीत. घोड्यावर चढा-उतरायलाही त्यांना मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज प्रथमच स्त्रियांना खुले झाले. त्या वर्षी ज्युबिली नावाच्या घोडीवर स्वार होऊन हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने भाग घेतला आणि वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. बळाने घोडा हलवता आला असता, तर हे शक्य झाले नसते.

माझे यश याच्यापुढे अगदीच लहान आहे. चांदणीची पाठ पूर्ण बरी झाल्यावर उस्तादांनी मला पुन्हा तिच्यावर बसवले. रिंगणाच्या मध्यावर थांबायचे होते. मी ठेका मोजला, कमरेने तिच्याबरोबर हलायचे हळूच थांबवले आणि श्वास सोडला. लगाम ओढायला हात उचलणार, तोच ध्यानात आले की ती थांबलेली आहे, चारही पाय सारखे टेकून. उतरल्यावर मी उस्तादांच्या आधी तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना तळहात दाबून पाहिला. ती निवांत उभी राहिली.

मग माझ्या वहीचा उपयोग झाला की नाही? झाला. आपटण्याचे कारण भित्रेपणा नसून ताठपणा आहे, मागे रेलून काही साधत नाही, आणि लक्ष कशाकडे द्यायचे, हे मला गणिताने सांगितले. ते करायचे कसे आणि केव्हा, हे चांदणीने शिकवले, आणि उस्तादांनी दर वेळी चूक की बरोबर ते सांगितले. यांपैकी एकही नसते, तर मी आजही आपटत असतो.

करून पाहा

१. खुर्चीवर दोन्ही तळहात अंगाखाली ठेवून ताठ बसा. तळहातांना दोन हाडे लागतील. आता पोट सैल सोडून पाठीचा खालचा भाग दुमडा आणि उलगडा. हाडे पुढे-मागे कशी वळतात ते पाहा. याच हाडांनी स्वार घोड्याशी बोलतो.

२. वजन करण्याचे दोन सारखे काटे एकमेकांपासून मीटरभर अंतरावर ठेवून त्यांवर एक मजबूत फळी ठेवा. दोन्ही काट्यांवर फळीचे वजन किती येते ते लिहून ठेवा. मग फळीवर मध्ये पुस्तकांचा गठ्ठा ठेवा आणि काटे वाचा. गठ्ठा १० सेंटिमीटर सरकवा. मग गठ्ठा पुन्हा मध्ये आणून एक काटा १५ सेंटिमीटर आत घ्या. कशाने फरक जास्त पडतो?

३. घोडा सेकंदाला ३.५ मीटर वेगाने १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर दुडकीने चालतो आहे. तोल राखण्यासाठी त्याने आणि स्वाराने उभ्या रेषेपासून आत किती अंश कलले पाहिजे? (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, हे त्या कोनाचे टॅन असते.) उत्तर सुमारे ७ अंश येईल. त्रिज्या निम्मी केली तर ते सुमारे १४ अंश होते.

तिसरे उदाहरण वहीत सुटले म्हणजे सायकल घ्या, मोकळ्या मैदानावर आधी मोठे आणि मग लहान वर्तुळ काढा, आणि शरीर किती कलते ते अंगाने ओळखा. कागदावरचे उत्तर आणि अंगाचे उत्तर जुळले, की तो धडा तुम्हाला खरा आला.